वहीच्या पानाएवढं रान

टॉम थॉमसनने चित्रकार म्हणून खरं काम केलं ते जेमतेम पाच वर्षं. १९१२च्या वसंतात तो पहिल्यांदा कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात गेला आणि ८ जुलै १९१७ला तिथल्याच एका तळ्यावर बेपत्ता झाला. आठ दिवसांनी प्रेत सापडलं. चाळिशी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. तेवढ्या काळात त्याने सुमारे चारशे छोटी तैलचित्रं आणि पन्नासच्या आसपास मोठे कॅनव्हास रंगवले. कॅनडात आज शाळकरी पोरालाही त्याचं 'द जॅक पाइन' ओळखता येतं. १९६७ साली देशाच्या शताब्दीला ते दहा सेंटच्या टपाल तिकिटावर आलं होतं. पण टॉमचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी चित्रांवरून घसरते आणि 'तो बुडाला की कुणी बुडवला' या प्रश्नाशी जाऊन थांबते. त्यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, तळ्याकाठी रंगणाऱ्या गप्पा तर शंभर वर्षं चालूच आहेत.

मला चित्रं बघायची होती, आणि ती जिथे काढली ती ठिकाणं. क्रमही ठरवला होता. आधी चित्रं, मग जागा, मग पुन्हा चित्रं. म्हणजे टोरोंटोपासून सुरुवात, मध्ये अल्गॉन्क्विन आणि शेवट ऑटवात. मुक्काम मिसिसागाला भाच्याकडे. त्याने मला आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओच्या दारात सोडलं आणि आसपासचे पार्किंगचे दर बघून, "मामा, तुझं झालं की फोन कर," म्हणून तो निघून गेला. चित्र बघताना मागे कुणी घड्याळ घेऊन उभं नसणं ही चैनच म्हणायची.

इथे 'द वेस्ट विंड' आहे. १९१६-१७च्या हिवाळ्यातला मोठा कॅनव्हास, १९२६ साली कॅनेडियन क्लब ऑफ टोरोंटोने गॅलरीला दिलेला. खडकाळ काठावर वाऱ्याने वाकवलेलं पाइन, मागे फेसाळ लाटांचं गडद तळं, वर ढगांचे लोट. देशभर छापील प्रतींतून पोचलेलं हे चित्र. समोर उभं राहिल्यावर जाणवते ती झाडाभोवतीची जाड, वळणदार रेषा. फांद्या, ढग, टेकड्या सगळं त्या रेषेने बांधून काढलं आहे. ही रेषा जंगलातून आलेली नाही. ती आली जाहिरातींच्या कारखान्यातून, आणि त्यासाठी टॉमचं आधीचं आयुष्य थोडक्यात सांगायला हवं.

जन्म ५ ऑगस्ट १८७७, ऑन्टारिओतल्या क्लेअरमाँटचा. दहा भावंडांतला सहावा. बालपण गेलं ओवेन साउंडजवळच्या लीथ गावी, शेतावर, जॉर्जियन बेच्या काठी. तरुणपणी त्याचं कशातच मन रमलं नाही. यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी धरली, काही महिन्यांत सोडली. बोअर युद्धात भरती व्हायला गेला, नाकारला गेला. मग व्यापारी शाळा, मग थोरल्या भावामागोमाग अमेरिकेत सिअ‍ॅटलला. तिथे तो ठसे आणि अक्षरं कोरण्याच्या, जाहिरातींची नक्षी काढण्याच्या कामाला लागला आणि हात त्यात बसला. १९०५च्या सुमारास टोरोंटोला परतला तेव्हा तो चित्रकार नव्हता. सुबक अक्षरं काढणारा पोटापुरता कारागीर होता.

पुढे काही वर्षांनी तो 'ग्रिप लिमिटेड' या जाहिरातसंस्थेत लागला. कॅनडाच्या चित्रकलेचा इतिहास या एका कचेरीतून सुरू होतो म्हटलं तरी चालेल. जे. ई. एच. मॅकडॉनल्ड तिथला ज्येष्ठ आरेखक. आर्थर लिस्मर, फ्रेडरिक व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन, फ्रँकलिन कारमायकल हे सगळे वेगवेगळ्या वेळी तिथेच. आठवडाभर पत्रकं, कॅटलॉग, साबणापासून रेल्वेपर्यंतच्या जाहिराती काढायच्या आणि रविवारी गावाबाहेर जाऊन निसर्गचित्रं करायची असा त्यांचा शिरस्ता. सपाट रंग, ठाम बाह्यरेषा, आकृतीमागे पडद्यासारखा पसरलेला देखावा ही सगळी त्या काळच्या जाहिरातींची भाषा. 'वेस्ट विंड'मध्ये ती जशीच्या तशी आहे. म्हणून ते चित्र लांबून, छापून, टपाल तिकिटाएवढं करूनही टिकतं. आणि माझ्या मते म्हणूनच जवळ गेल्यावर थोडं कोरडं वाटतं.

त्याच गॅलरीत केन थॉमसन या वृत्तपत्रसम्राटाने दिलेला संग्रह आहे. आडनाव तेच, नातं काही नाही. इथे टॉमच्या छोट्या पाट्या भेटतात. पाटी म्हणजे खरोखर लाकडाची पातळ फळी. साधारण २१ सेंटिमीटर उंच आणि २७ रुंद. वहीचं पान आडवं धरलं तर एवढंच भरतं. 'फायर-स्वेप्ट हिल्स' हे १९१५चं चित्र असंच. वणव्याने खाल्लेली टेकडी, काळे पडलेले सरळसोट बुंधे आणि खाली लाल, जांभळ्या, राखी रंगाचा नुसता चिखल. दोन हातांवरून दगड दिसतात, वितीवरून रंगाचे फराटे दिसतात आणि तरीही टेकडी कुठे मोडत नाही. 'वेस्ट विंड' बघायला गर्दी होती. या पाटीसमोर मी एकटाच होतो.

टोरोंटोत आणखी एक जागा बघण्यासारखी, रोझडेलच्या घळीजवळ सेव्हर्न स्ट्रीटवर. तिथे 'स्टुडिओ बिल्डिंग' ही तीन मजली साधी इमारत उभी आहे. शेतीयंत्रांच्या मॅसी-हॅरिस घराण्यातला चित्रकार लॉरेन हॅरिस आणि डोळ्यांचे डॉक्टर जेम्स मॅकॅलम यांनी पैसा घालून १९१४मध्ये ती चित्रकारांसाठी बांधली. उत्तरेचा प्रकाश यावा म्हणून मोठाल्या खिडक्या. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायची. मेट्रोची लाइन जवळून खडखडत जाते.

हे डॉक्टर मॅकॅलम टॉमच्या आयुष्यातले फार महत्त्वाचे गृहस्थ. १९१२च्या उन्हाळ्यात टॉम मिसिसागी नदीच्या रानात गेला होता. होडी उलटली आणि बरीचशी चित्रं पाण्यात गेली. उरलेली डॉक्टरांनी पाहिली. रंग गढूळ, हात आखडलेला, तंत्रात चुका, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. पण उत्तरेकडचं रान या माणसाला चावलं आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढच्या वर्षी 'अ नॉर्दर्न लेक' हे टॉमचं चित्र ऑन्टारिओ सरकारने अडीचशे डॉलरला घेतलं. त्यानंतर डॉक्टरांनी टॉम आणि चित्रकार ए. वाय. जॅक्सन या दोघांचा एक वर्षाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. नोकरी सोडा, फक्त रंगवा. तेव्हा टॉम छत्तिशीत होता. या वयात बहुतेक लोक छंद गुंडाळून ठेवतात.

स्टुडिओ बिल्डिंगचं भाडं परवडेना म्हणून टॉम मागच्या अंगणातल्या एका पडीक लाकडी शेडमध्ये राहायला गेला. भाडं महिन्याला एक डॉलर. तिथे स्वतःच बाक, फळ्या, ईझल ठोकून त्याने हिवाळे काढले. उन्हाळ्यात रानात केलेल्या पाट्या समोर मांडायच्या आणि त्यांतून निवडून मोठे कॅनव्हास रंगवायचे. 'जॅक पाइन' आणि 'वेस्ट विंड' दोन्ही या शेडमधली. ही शेड आता टोरोंटोत नाही. १९६२मध्ये ती उचलून शहराच्या वायव्येला क्लाइनबर्ग गावी नेली. तिथे रॉबर्ट आणि सिग्नी मॅकमायकल या जोडप्याने आपलं घर, जमीन आणि चित्रसंग्रह प्रांताला देऊन टाकला, तेच आजचं मॅकमायकल संग्रहालय. ओंडक्यांच्या आणि दगडी भिंती, खिडकीबाहेर खरी झाडं आणि भिंतीवर रंगवलेली. आवारात 'ग्रुप ऑफ सेव्हन' या चित्रकारांच्या गटातल्या सहा जणांच्या कबरी आहेत. हा गट १९२०मध्ये स्थापन झाला, म्हणजे टॉम गेल्यावर तीन वर्षांनी. तो त्या सातांत कधीच नव्हता. तरी त्याच्याशिवाय हा गट झाला नसता, हे त्यातल्यांनीच मान्य केलं.

टोरोंटोहून अल्गॉन्क्विनचं पश्चिम दार अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हंट्सव्हिलपर्यंत मोठा रस्ता, पुढे साठ नंबरचा महामार्ग. पार्काचा विस्तार सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर. पण गाडीरस्ता असा हाच, दक्षिणेच्या कोपऱ्यातून ५६ किलोमीटर जाणारा. बाकी बहुतेक सगळं पाण्याने किंवा पायी. आम्ही गेलो ते शरदात, मेपल लाल होण्याच्या दिवसांत. या दिवसांत अर्धं टोरोंटो इथे लोटतं. दिवसाचा परवाना आधीच ऑनलाइन काढावा लागतो. आयत्या वेळी गेलात तर दारातून परत फिरण्याची पाळी येते. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून माणसं लाल झाडाखाली फोटो काढत होती. त्यांत साड्यांवर जॅकेट घातलेल्या आपल्याही बायका होत्या, आणि मराठीत "जरा डावीकडे सरका" ऐकून भाचा हसत होता.

टॉम आला तेव्हा हा रस्ता नव्हता. तो आला रेल्वेने. जे. आर. बूथ या लाकूडसम्राटाने १८९६मध्ये पार्कातून रूळ नेले होते आणि कनू लेक हे त्यावरचं एक स्टेशन होतं. आज रूळ उखडलेले आहेत. पार्काच्या दारापासून चौदाव्या किलोमीटरवर तळ्याचं दक्षिण टोक लागतं. काठावरच्या दुकानात होड्या भाड्याने मिळतात. कनू म्हणजे अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने हाकायची होडी. दोन तळ्यांमध्ये जमीन आली की ती उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि रानवाटेने पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. टॉम असाच आठवडेच्या आठवडे फिरे. त्याच्या होडीचा रंग त्याने स्वतः तयार केला होता. करड्या रंगात कोबाल्ट निळ्याची महागडी ट्यूब पिळून, असं सांगतात.

"मामा, तू नुसता सरळ बस आणि डावीकडे झुकू नकोस," एवढ्याच बोलीवर भाच्याने मला होडीत घेतलं. आम्ही उत्तरेला निघालो. काठाने भाडेपट्ट्यावरच्या जुन्या कॉटेज, त्यांचे लाकडी धक्के, मध्येच मुलांच्या शिबिराच्या होड्या. रान म्हणून जे डोळ्यांपुढे येतं तसं हे तळं निर्मनुष्य अजिबात नाही. हेहर्स्ट पॉइंट नावाच्या टेकाडावर दगडी स्मारक आहे. टॉमची ही आवडती मुक्कामाची जागा. १९१७च्या सप्टेंबरमध्ये मित्रांनी ते उभारलं. पितळी पाटी मॅकडॉनल्डने आरेखली, बांधकाम जे. डब्ल्यू. बीटी या चित्रकाराने केलं. पाटीवर त्याची ओळख तीन शब्दांत आहे. चित्रकार, रानातला माणूस आणि वाटाड्या. तिसरा शब्द उगाच नाही. त्या वसंतात त्याने पार्काचा वाटाड्याचा परवाना काढला होता. अक्षरांची मांडणी इतकी नेटकी आहे की ग्रिपच्या कचेरीतला हात लगेच ओळखू येतो. मित्राच्या स्मारकावरही मॅकडॉनल्डमधला आरेखक सुटीवर गेलेला नव्हता.

आता ते मरण. ८ जुलैला टॉम मासेमारीचं सामान घेऊन निघाला. उलटी होडी सापडली. १६ तारखेला प्रेत वर आलं. कानशिलाजवळ माराची खूण होती, पायाच्या घोट्याला मासेमारीची दोरी गुंडाळलेली होती असंही सांगतात. मृत्यूची चौकशी करणारे डॉक्टर पोचले तेव्हा प्रेत तळ्याजवळच्या दफनभूमीत पुरूनही झालं होतं. त्यांनी प्रेत न बघता साक्षी घेतल्या आणि अपघाती बुडून मृत्यू असा निकाल दिला. दोन दिवसांत घरच्यांच्या सांगण्यावरून पेटी उकरून लीथला नेली. ती खरंच उकरली का, या शंकेने १९५६मध्ये चार जणांनी इथे पुन्हा खणलं. हाडं निघाली, कवटीला भोक निघालं आणि सरकारी तपासणीत ती कुणा मूलनिवासी माणसाची ठरली. एवढ्या साहित्यावर गावगप्पांना शतक पुरलं. पैशाचं भांडण, प्रेमप्रकरण, शेजाऱ्याशी वाद, जो तो आपापला खुनी घेऊन येतो. पुरावा कशालाच नाही. तळ्यावरून परतताना तीन निरनिराळ्या होड्यांतल्या लोकांनी आम्हाला आपापलं मत ऐकवलं, आणि चित्रांबद्दल एकानेही काही विचारलं नाही.

मला जास्त विचारात पाडलं ते वायव्य काठाने. इथे मोवॅट नावाचं गाव होतं. गिलमोर कंपनीने १८९०च्या दशकात लाकडाची मोठी गिरणी टाकली, शेकड्याने माणसं आली, आणि काही वर्षांतच कंपनी बुडाली. मागे उरला सालपटांचा आणि भुश्श्याचा प्रचंड पसारा, रिकामी घरं आणि गिरणीच्या जुन्या इमारतीत चाललेलं 'मोवॅट लॉज' हे खानावळवजा हॉटेल. टॉम उतरायचा तो इथे. म्हणजे 'कॅनडाचं अस्पर्श रान' म्हणून देशाने भिंतीवर लावली ती चित्रं तोडून झालेल्या, धरणांनी पाणी चढवलेल्या, वणव्याने भाजलेल्या आणि आगगाडीने कापलेल्या मुलखातली आहेत. एकदा हे कळलं की चित्रांत ते जागोजागी दिसू लागतं. 'टी लेक डॅम' या त्याच्या पाटीचं नावच धरणाचं आहे. ती जागा रस्त्यालगत, आठव्या किलोमीटरवर आहे. आज तिथे जेवणाची टेबलं आहेत आणि कुटुंबं डबे उघडून बसतात. लाकडाचे ओंडके नदीतून सोडण्यासाठी बांधलेले बंधारे, त्यांतून सुटणारं पिवळट पांढरं पाणी, सोंडा आणि घसरंडी हे त्याचे नेहमीचे विषय. 'द ड्राइव्ह' या मोठ्या कॅनव्हासवर तर ओंडके वाहवणारी माणसंच आहेत. टॉमने काही लपवलं नाही. लपवलं ते नंतरच्या कॅलेंडरांनी.

पार्काच्या पूर्वेच्या दाराजवळ लाकूडतोडीचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, तेही बघण्यासारखं. १८९३मध्ये अल्गॉन्क्विन राखीव झालं ते झाडं वाचवावीत म्हणून कमी आणि नद्यांचे उगम टिकावेत, शेतकऱ्यांनी जंगल जाळू नये म्हणून जास्त. लाकूड कंपन्यांना त्याचा त्रास नव्हताच. ऑन्टारिओच्या प्रांतिक उद्यानांपैकी या एकाच उद्यानात आजही व्यापारी लाकूडतोड चालते. रस्त्यावरून ती दिसत नाही एवढंच. आणि ज्यांच्या नावावरून पार्काचं नाव आलं त्या अल्गॉन्क्विन लोकांनी ही जमीन करार करून कधीच दिलेली नाही. त्यांच्या दाव्यावर सरकारशी तत्त्वतः सहमती झाली ती २०१६मध्ये, अंतिम कराराची वाटचाल त्यानंतरची. टॉमच्या आणि त्याच्या मित्रांच्या चित्रांत हे लोक नाहीत. रिकामं रान हीच राष्ट्राची प्रतिमा ठरली, त्यात तिथे राहणारेच पुसले गेले, ही टीका हल्ली होते आणि ती मला रास्त वाटते. टॉमच्या हातून ते बुद्ध्या झालं असं म्हणवत नाही, पण झालं.

'जॅक पाइन'ची जागा पार्काच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रँड लेकवरच्या अ‍ॅक्रे या ठिकाणी आहे. आतून रस्ता नाही. पूर्वेच्या दाराने बाहेर पडून, बॅरीज बेवरून पेंब्रोकच्या बाजूला जायचं आणि पुन्हा कच्च्या रस्त्याने आत शिरायचं. वाटेत बॅरन नदीची शंभर मीटर खोल घळ लागते. ती थांबून बघावीच. १९१६च्या उन्हाळ्यात टॉम इथे वणवे राखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीत होता. पगार मिळायचा, रंगवायला वेळ कमी मिळायचा. कॅम्पजवळून एक छोटी पायवाट काठाकाठाने त्या खडकाकडे जाते. ते झाड केव्हाच गेलं. पलीकडची टेकडी मात्र जागच्या जागी आहे आणि तिच्या पाठीच्या उतरणीवरूनच अभ्यासकांनी जागा पक्की केली.

इथे बराच वेळ बसलो आणि टॉमच्या कामाची रीत जराशी उमगली. त्याच्याकडे एक लाकडी पेटी असे. झाकण उघडलं की तेच ईझल, खाली रंग, आणि ओल्या पाट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून खाचा. पेटी मांडीवर घेऊन बसायचं आणि एका बैठकीत पाटी संपवायची. उत्तरेत प्रकाश थांबत नाही. आम्ही बसलो तेवढ्यात तळं शिशासारखं राखी होतं ते हिरवट झालं, एका बाजूला गुलाबी पट्टा उमटला आणि वारा सुटल्यावर तोही मोडला. टॉमने पट्टा पाहिला असता, उमटेल तसा एका ब्रशफटकाऱ्यात घातला असता आणि मोडल्यावर पुढच्या पाटीला हात घातला असता. पाइनच्या बारीक सुया, साल, दगडावरचं शेवाळ हे रेखायला वेळच नाही. त्याच्या चित्रांत तपशील कमी आहे तो शैली म्हणून नव्हे, सवडच नव्हती. १९१४च्या शरदात जॅक्सन त्याच्याबरोबर पार्कात राहिला होता. पॅरिसला शिकलेल्या जॅक्सनने त्याला रंग न कालवता शेजारी-शेजारी ठेवायला शिकवलं, आणि बदल्यात टॉमने जॅक्सनला होडी चालवायला आणि मासे तळायला. सौदा दोघांना फळला. जॅक्सनचं 'द रेड मेपल' त्याच मुक्कामातलं.

ऑटवा. मोशे सफदीने बांधलेली नॅशनल गॅलरी, काचेचा उंच मनोरा, आत उतरत्या प्रकाशाची दालनं. २०१७पासून इथे कॅनेडियन आणि मूलनिवासी कला एकाच दालनमालेत मांडली आहे. 'द जॅक पाइन' भिंतभर नाही. सव्वा मीटरहून थोडं जास्त उंच, त्याहून जरा रुंद. आकाश आडव्या चौकोनी फटकाऱ्यांनी विणलेलं, हिरवट पिवळ्याकडून निळ्याकडे जाणारं. तळ्यावरही तसेच आडवे पट्टे. आणि झाडाच्या लोंबत्या काळसर फांद्यांच्या कडेने, मधल्या फटींतून शेंदरी रंग डोकावतो. खालचा लेप त्याने मुद्दाम झाकला नाही. लांबून ती किनार दिसत नाही, पण तिच्यामुळेच झाड अंधारात असूनही थंड पडत नाही. तिकिटावर आणि पोस्टरवर हे छापलंच जात नाही.

जवळच 'नॉर्दर्न रिव्हर' आहे. काळ्या स्प्रूसच्या जाळीतून दिसणारी नदी. १९१५मध्ये गॅलरीने ते पाचशे डॉलरला घेतलं, म्हणजे टॉम जिवंतपणी अगदीच दुर्लक्षित होता ही समजूत खरी नाही. गरीब होता, दुर्लक्षित नव्हता. पुढे त्याची एक वहीच्या पानाएवढी पाटी, 'अर्ली स्प्रिंग, कनू लेक', २००९च्या लिलावात २७ लाख डॉलरच्या वर गेली.

पण मी ऑटवाला गेलो ते १९१७च्या वसंतातल्या पाट्यांसाठी. मार्क रॉबिन्सन या वनरक्षकाच्या आठवणीप्रमाणे टॉमने त्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यापासून रोज एक चित्र करायचं ठरवलं होतं आणि बासष्ट चित्रं केली होती. बर्फ काळं पडतं, तळ्याचं पाणी काठाशी मोकळं होतं, बर्चच्या शेंड्यांवर लालसर छटा येते. एका पाटीवर वितळत्या बर्फाचा निळा दोन फटकाऱ्यांत आहे आणि त्यांच्या मधली जमीन म्हणजे नुसती कोरी फळी. रंग नाहीच. लाकडाचा तपकिरी मातीच्या जागी चालून जातो. मागे जाऊन बघितलं तर चिखल, पुढे येऊन बघितलं तर फळी. या पाट्यांत ग्रिपची बांधीव रेषा उरलेलीच नाही. 'वेस्ट विंड'चा टॉम जाहिरातवाल्यांच्या हातून अजून सुटायचा होता; हा सुटलेला आहे. त्याच हिवाळ्यात तो शेडमध्ये मोठे कॅनव्हास रंगवत होता आणि वसंतात रानात जाऊन त्यांच्या पुढे निघून गेला. मोठ्या चित्रांमुळे तो प्रसिद्ध झाला हे खरं. माझ्या मते तो मोठा आहे तो या छोट्या फळ्यांमुळे.

आपल्याकडचे लोक कॅनडाला जातात ते बहुधा मुलाबाळांकडे, आणि टोरोंटोत उतरलं की पाहुण्याला नायगरा दोनदा दाखवतात, एकदा दिवसा आणि एकदा रात्रीच्या दिव्यांत. त्यातला एक फेरा वाचवा आणि क्लाइनबर्गला जा. टोरोंटोहून गाडीने तासाभराच्या आतबाहेर आहे. टॉमची शेडही तिथेच बघायला मिळेल आणि पाट्याही. कोणत्या वारी बंद असतं तेवढं निघण्याआधी बघून घ्या.